शब्द मॉडेलचा, परवानगी माणसाची

रोबोटच्या हाताला कोणतीच भाषा येत नाही. त्याला कळतात ते सांध्यांचे कोन, मोटरचा वेग आणि पकड किती घट्ट करायची याचा आकडा. पुण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते तिथे असा एक हात टेबलाला बोल्ट मारून बसवलेला आहे. सहा सांधे, पुढे दोन बोटांचा ग्रिपर. समोरच्या खुर्चीत बहुतेक वेळा साठी-सत्तरी ओलांडलेल्या आजी किंवा आजोबा असतात. टेबलावर चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, वर्तमानपत्र, टीव्हीचा रिमोट आणि औषधांच्या डब्या. आजी म्हणतात, "बाळा, चष्मा दे रे जरा." हात हलतो, चष्म्याचं घर उचलतो आणि त्यांच्या ओंजळीपाशी आणून थांबतो. बघायला आलेल्यांना एवढंच दिसतं. माझं काम मात्र आजींचं वाक्य संपल्यापासून हाताची पहिली हालचाल होईपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांतलं आहे.

तेवढ्या वेळात बरंच काही घडतं. मायक्रोफोनने पकडलेल्या आवाजाचा एक प्रणाली मजकूर करते. तो मजकूर, टेबलावर काय काय आहे याची कॅमेऱ्यावरून झालेली यादी आणि आम्ही आधी लिहून ठेवलेल्या सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, हे सगळं मिळून मोठ्या भाषा-मॉडेलकडे जातं. मॉडेल दोन गोष्टी परत पाठवतं: आजींना ऐकवायचं वाक्य आणि हाताने करायची कृती. वाक्य स्पीकरकडे जातं. कृती थेट हाताकडे जात नाही, मध्ये तपासणी आहे. ती मॉडेलच्या हाती नाही, आम्ही लिहिलेल्या नियमांच्या हाती आहे.

या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. रोबोटमध्ये भाषा-मॉडेल वापरायचं असेल तर त्याला बोलण्याचं काम द्यावं, सुचवण्याचं द्यावं. परवानगी देण्याचं काम देऊ नये. आणि कोणतं काम कोणाला दिलं आहे हे लिहून जाहीर करावं. जबाबदारी या मोठ्या शब्दाचा आमच्या टेबलावरचा अर्थ एवढाच आहे, पण तो पाळायला रोजचे कष्ट पडतात.

पडद्यामागचा माणूस

भाषा-मॉडेलं येण्याआधी असे प्रयोग दोन रीतींनी होत. पहिली रीत नियमांची. वाक्यात 'चष्मा' आणि 'दे' सापडलं की अमुक हालचाल करायची. माणूस जरा वेगळं बोलला की यंत्र गप्प. दुसऱ्या रीतीत पलीकडच्या खोलीत एक माणूस बसवायचा. तो कॅमेऱ्यातून बघतो, हेडफोनवर ऐकतो आणि रोबोटने काय बोलायचं, काय करायचं त्याची बटणं दाबतो. खुर्चीतल्या व्यक्तीला वाटतं, रोबोटच बोलतोय. 'विझर्ड ऑफ ऑझ' या कथेतल्या पडद्याआडच्या जादूगारावरून या पद्धतीला नाव मिळालं आणि 1980च्या दशकात ते रूढ झालं. यंत्र पूर्ण व्हायच्या आधी माणसं त्याच्याशी कशी वागतील हे समजून घेण्याचा हा रास्त मार्ग आहे. अट अशी, की पडद्यामागे माणूस होता हे अहवालात लिहिलं पाहिजे. लॉरेल रीक यांनी 2012 मध्ये अशा 54 प्रयोगांचा आढावा घेतला आणि अहवालात काय नोंदवायला हवं ते सांगितलं: जादूगार किती होते, त्यांना कोणतं प्रशिक्षण दिलं, त्यांच्याकडून कोणत्या चुका झाल्या.

आता त्या खोलीतल्या खुर्चीवर मॉडेल बसलं आहे. 2024 मध्ये टॉम विल्यम्स, सिंथिया मॅटुसेक, रॉस मीड आणि निक डीपाल्मा या संशोधकांनी नेमक्या याच बदलावर लेख लिहिला. त्याच कथेत पेंढा भरलेलं, मेंदू हवा म्हणून जादूगाराकडे निघालेलं एक बुजगावणं आहे. प्रयोगातल्या भाषा-मॉडेलला त्यांनी त्या बुजगावण्याचं नाव दिलं. एखादा भाग अजून बांधून झालेला नाही, तोवर त्याच्या जागी मॉडेल उभं करायचं, म्हणजे बाकीची यंत्रणा तपासता येते. हे उपयोगी आहे, असं ते म्हणतात. पण ते बुजगावणं कुठे उभं होतं, कोणतं होतं, त्याला काय सांगितलं होतं आणि पुढे त्याच्या जागी काय येणार आहे, हे उघड केलं नाही तर वाचणारा फसतो. मॉडेलने केलेलं काम तो रोबोटच्या रचनेच्या खात्यात जमा करतो.

आमच्याकडे प्रत्येक प्रयोगाच्या फायलीला एक पान जोडलेलं असतं. मॉडेलचं नाव आणि आवृत्ती, वापरल्याच्या तारखा, पूर्ण प्रॉम्प्ट, उत्तरांत किती विविधता येऊ द्यायची त्याचा आकडा, आणि मॉडेल कोणकोणत्या भागांच्या जागी उभं होतं, हे त्यावर लिहिलेलं असतं. आवृत्तीला महत्त्व आहे, कारण हे मॉडेल आमच्या टेबलावर नाही, एका कंपनीच्या सर्व्हरवर आहे. कंपनीने ते बदललं की तोच प्रॉम्प्ट वेगळी उत्तरं देऊ लागतो. आवृत्ती बदलली की जुने निकाल गृहीत धरायचे नाहीत, सगळ्या चाचण्या पुन्हा घ्यायच्या, हा आमचा नियम आहे. काम कंटाळवाणं आहे. पण ते टाळलं तर काल सुरक्षित ठरलेलं यंत्र आजही सुरक्षित आहे असं म्हणायला आधार राहत नाही.

करता येण्याची यादी

भाषा-मॉडेलला जगातल्या सगळ्या कामांबद्दल बोलता येतं. रोबोटला त्यातली मोजकीच जमतात. या दोहोंमधलं अंतर गूगलच्या संशोधकांनी 2022 मध्ये 'सेकॅन' या कामात नीट दाखवलं. त्यांनी नुसत्या मॉडेलांना सांगितलं, माझं पेय सांडलंय, मदत करशील? एकाने व्हॅक्यूम क्लीनर वापरून बघा असं सुचवलं, एकाने सांडल्याबद्दल माफी मागितली. भाषा म्हणून दोन्ही उत्तरं ठीक होती. त्या खोलीतल्या, त्या रोबोटच्या दृष्टीने दोन्ही निरुपयोगी. म्हणून त्यांनी दोन आकड्यांचा गुणाकार केला. हे काम या वाक्याला किती शोभतं, हा मॉडेलचा अंदाज. आणि या घडीला, या जागी ते काम रोबोटला जमण्याची शक्यता किती, हा रोबोटच्या स्वतःच्या सरावातून आलेला अंदाज. गुणाकार ज्याचा जास्त, ती कृती. स्वयंपाकघरातल्या 101 सूचनांवर घेतलेल्या चाचणीत कृतींचा क्रम 84 टक्के वेळा बरोबर ठरला आणि काम प्रत्यक्ष तडीस गेलं ते 74 टक्के वेळा. या दोन आकड्यांतली तफावत मी नव्या विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. बरोबर ठरवणं आणि बरोबर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून लगेच लक्षात येतं.

आमच्या हाताची यादी छोटी आहे. वस्तू उचल, वस्तू अमुक जागी ठेव, वस्तू माणसापुढे धर, थांब, जागेवर परत जा, प्रश्न विचार. मॉडेलने यातलीच एक कृती निवडायची, सोबत वस्तूचं नाव द्यायचं आणि ती वस्तू कॅमेऱ्याच्या यादीत असली पाहिजे. यादीबाहेरचं काही आलं की तपासणी ते फेकून देते. आजी "खिडकी उघड" म्हणाल्या तर मॉडेलला 'उघड' ही कृती पाठवण्याचा मोह होतो, कारण भाषेत ती सहज पुढची पायरी आहे. तपासणी ती अडवते आणि आजींना ऐकू येतं, "खिडकी उघडणं या हाताला जमत नाही."

एसटीच्या ड्रायव्हरचा पाय क्लचवर कितीही तयार असो, कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. आमची तपासणी त्या कंडक्टरच्या जागी आहे. ती साध्या, वाचून पडताळता येणाऱ्या ओळींत लिहिलेली आहे आणि तिच्यात भाषा-मॉडेल कुठेही नाही. वस्तूचं वजन मर्यादेत आहे का, वाटेत माणसाचा हात किंवा चेहरा आहे का, वेग ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे का, समोरचा माणूस बसलेला आहे का. माणसाशेजारी काम करणाऱ्या यंत्रांसाठी 2016 मध्ये आलेल्या आयएसओच्या 15066 क्रमांकाच्या तांत्रिक निर्देशात शरीराच्या 29 जागांसाठी दाब आणि बलाच्या मर्यादा दिल्या आहेत. कपाळाला किती चालेल, तळहाताला किती, मांडीला किती. ही मर्यादा मोटरच्या नियंत्रणात बसवायची असते. प्रॉम्प्टमध्ये "हळुवार वाग" असं लिहून ती पाळली जात नाही. टेबलाच्या कडेला लाल बटण आहे. ते दाबलं की मोटरचा वीजपुरवठा तुटतो. मधे कोणतंही सॉफ्टवेअर नाही.

गूगल डीपमाइंडच्या 'ऑटोआरटी' या कामाचं वर्णन जानेवारी 2024 मध्ये आलं. त्यात रोबोटसाठी एक लिखित संविधान होतं, आयझॅक अ‍ॅसिमॉव्हच्या 1942 सालच्या तीन नियमांवरून स्फुरलेलं. बातम्यांमध्ये त्याचीच चर्चा झाली. मला त्यातल्या पुढच्या ओळी महत्त्वाच्या वाटतात. सांध्यांवरचं बल ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की रोबोट आपोआप थांबत असे. प्रत्येक चालू रोबोट देखरेख करणाऱ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात असे आणि त्या माणसाच्या हाती बंद करण्याचं बटण असे. संविधान लिहिणाऱ्यांनी भरवसा बटणावरही ठेवला होता.

नकार शेवटी येतो

मराठीतून काम करताना काही अडचणी अशा येतात, ज्या इंग्रजीतल्या शोधनिबंधांत सापडत नाहीत. सगळ्यांत मोठी अडचण नकाराची. आपल्याकडे नकार क्रियापदाच्या मागून येतो. "ती डबी उचलू नकोस" या वाक्यातला सगळा अर्थ शेवटच्या शब्दावर तोललेला असतो. माणूस बोलायचा थांबला हे यंत्र शांततेवरून ओळखतं. ठरलेल्या वेळेइतकी शांतता झाली की वाक्य संपलं असं मानून ते पुढे पाठवतं. म्हातारी माणसं बोलता बोलता थांबतात, दम घेतात, आठवतात. "ती डबी उचलू..." एवढ्यावर वाक्य कापलं गेलं तर मॉडेल त्याला उलटा, करण्याचा अर्थ चिकटवतं. "पाणी दे... नको, राहू दे" यात तर दोन वाक्यांमध्ये मनच बदललेलं असतं.

यावर तीन उपाय केले आहेत. शांततेची वाट जास्त वेळ बघायची, भले रोबोट संथ वाटो. हालचालीचा पहिला टप्पा मुद्दाम सावकाश ठेवायचा आणि त्या काळात कान उघडे ठेवायचे. 'नको', 'थांब', 'राहू दे', 'अगं अगं', 'अरे अरे' हे शब्द ऐकू आले की मॉडेलला विचारायला जायचंच नाही, जागेवरचा एक छोटा ओळखकार त्याच क्षणी हात थांबवतो. इंटरनेट बंद पडलं तरी हा भाग चालतो. थांबवण्याचा हक्क सर्व्हरवर अवलंबून राहता कामा नये.

वेळेचा प्रश्नही आहेच. माणसं गप्पा मारताना एकाचं बोलणं संपलं की साधारण 200 मिलिसेकंदांत दुसरा बोलू लागतो. दहा भाषांवरच्या 2009 सालच्या एका अभ्यासात हा आकडा पुढे आला. रोबोटला आवाज, मजकूर, मॉडेल, तपासणी आणि पुन्हा आवाज अशा पायऱ्या चढायच्या असतात. त्यात देवनागरी मजकूर मॉडेलसाठी बारीक तुकड्यांत कापला जातो, त्यांना टोकन म्हणतात. तुकडे जास्त तितका वेळ आणि पैसा जास्त. यात सुधारणा होते आहे. ओपनएआयने मे 2024 मध्ये नवं मॉडेल आणताना दिलेल्या नमुन्यात एका मराठी मजकुराचे आधी 96 तुकडे होत होते, ते 33 वर आले. तरीही शांतता उरतेच आणि ती भरायला रोबोट काहीतरी बोलतो. इथे फार जपावं लागतं. तपासणीच्या आधी "देतो हं" म्हणणं म्हणजे वचन देणं. तपासणीने नाही म्हटलं तर समोरच्या आजींचा हात पुढे आलेला असतो आणि कधी त्या उठायलाही लागलेल्या असतात. म्हणून भरायचं वाक्य इतकंच: "ऐकू आलं. एक मिनिट."

'देतो' की 'देते' हाही निर्णयच असतो. इंग्रजी बोलणाऱ्या रोबोटला क्रियापदात स्वतःचं लिंग सांगावं लागत नाही, मराठीत दर दोन वाक्यांनी सांगावं लागतं. सेवा करणाऱ्या यंत्रांना सरसकट बाईचा आवाज देण्याने कोणते समज घट्ट होतात, हे युनेस्कोच्या 2019 सालच्या अहवालात मांडलं गेलं आहे. आम्ही वाक्यांची ठेवणच बदलली. "चष्मा समोर आहे, घ्या." "डबी सापडली नाही." बाई किंवा पुरुष होण्याचं सोंग न घेता यंत्राला व्यवस्थित बोलता येतं. थोरांशी 'तुम्ही'च म्हणायचं हेही प्रॉम्प्टमध्ये लिहावं लागलं. लांबलेल्या संवादात मॉडेल 'तू'वर घसरतं, आणि आजींना ते लगेच खटकतं.

विचारण्याची वेळ

टेबलावर दोन डब्या आहेत, एक निळी, एक पांढरी. आजोबा म्हणतात, "माझी डबी दे." मॉडेल बहुतेक वेळा ठामपणे एक निवडतं. चुकीचं बोललेलं वाक्य मागे घेता येतं, चुकीच्या डबीतली गोळी गिळली गेली तर ती मागे घेता येत नाही.

प्रिन्स्टन विद्यापीठ आणि गूगल डीपमाइंड इथल्या संशोधकांनी 2023 मध्ये 'नोनो' नावाने एक पद्धत मांडली. त्यांचं उदाहरण मायक्रोवेव्हचं होतं. टेबलावर धातूचा आणि प्लास्टिकचा असे दोन वाडगे आहेत आणि माणूस म्हणतो, वाडगा मायक्रोवेव्हमध्ये ठेव. त्यांनी मॉडेलकडून शक्य असलेले पर्याय मागवले, प्रत्येकाला मॉडेल किती खात्री देतं ते घेतलं आणि योग्य उत्तर आधीच माहीत असलेल्या उदाहरणांच्या संचावरून एक रेषा ठरवली. त्या रेषेच्या वर एकच पर्याय उरला तर कृती करायची. एकापेक्षा जास्त उरले तर माणसाला विचारायचं. मॉडेल स्वतःबद्दल जी खात्री दाखवतं ती जशीच्या तशी मानायची नाही, मोजून तिचं खरं वजन काढायचं, हे या पद्धतीचं मर्म. योग्य पर्याय हातचा सुटण्याचं प्रमाण किती चालवून घ्यायचं, हे त्यात आधी ठरवता येतं.

आमच्याकडे "कोणती, निळी की पांढरी?" हा प्रश्न रोबोट सर्रास विचारतो. काही पाहुण्यांना तो मंदबुद्धी वाटतो. आजी-आजोबांना तसं वाटत नाही, त्यांना विचारलेलं आवडतं. औषधांच्या बाबतीत आम्ही आणखी एक पाऊल मागे घेतलं आहे. कोणती गोळी घ्यायची, कधी घ्यायची याबद्दल मॉडेलने बोलायचंच नाही. मजकुरात औषधाचा विषय आला की ठरवून लिहिलेलं वाक्य वाजतं आणि घरच्या माणसाला किंवा डॉक्टरांना विचारायला सांगतं.

दुसरी शिस्त काम झाल्याचं सांगण्याची. मॉडेलला संवाद पूर्ण करायचा असतो, म्हणून ते "चष्मा दिला आहे" असं सहज म्हणून टाकतं, मग ग्रिपर रिकामा का असेना. 2022 च्या 'इनर मोनोलॉग' या कामात संशोधकांनी प्रत्येक पायरीनंतर ती जमली की नाही हे मॉडेलला मजकुरातून कळवण्याची सोय केली, आणि मग मॉडेल पुन्हा प्रयत्न करू लागलं, वाट बदलू लागलं. आम्ही त्यात आणखी एक अट घातली. ग्रिपरचा सेन्सर आणि कॅमेरा दोघांनी होकार दिल्याशिवाय 'झालं' या अर्थाचं कोणतंही वाक्य स्पीकरपर्यंत पोचत नाही. दृष्टी अधू असलेल्या माणसाच्या दृष्टीने रोबोटचं बोलणं हाच पुरावा असतो. तो खोटा निघता कामा नये.

काठी

दर चाचणीच्या आधी आम्ही रोबोटला मुद्दाम वाकडं बोलतो. या वाक्यांची एक वही आहे आणि ती वाढतच असते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 मध्ये 'रोबोपेअर' या नावाने दाखवलं, की भाषा-मॉडेलवर चालणाऱ्या यंत्रांना गोडीगुलाबीने, नाटकातली भूमिका देऊन धोक्याची कामं करायला लावता येतात. त्यांनी तीन यंत्रणा तपासल्या: सिम्युलेशनमधलं एक स्वयंचलित वाहन, चाकांवरचा एक रोबोट आणि बाजारात मिळणारा चार पायांचा एक रोबोट. तिन्ही बधल्या.

मला त्याहून जास्त अस्वस्थ केलं ते त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने. लंडनचं किंग्ज कॉलेज आणि अमेरिकेतलं कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्याशी संबंधित संशोधकांनी वेगवेगळ्या मॉडेलांना विचारलं, रोबोटने अमुक काम करणं स्वीकारार्ह आहे का? माणसाकडून त्याची व्हीलचेअर, कुबडी किंवा काठी काढून घेणं ही कृतीही त्यात होती. मॉडेलांनी ती स्वीकारार्ह ठरवली. या साधनांवर जगणाऱ्या माणसांच्या लेखी ती काढून घेणं म्हणजे पाय मोडण्यासारखं आहे.

इथेच मजकुराची गाळणी कमी पडते. "ती काठी पलीकडच्या कोपऱ्यात ठेव" या वाक्यात एकही वाईट शब्द नाही. कोणताही शब्दतपासनीस ते सोडून देईल. काठी कोणाची आहे, ती व्यक्ती आत्ता बसली आहे की उठणार आहे, सांगणारी व्यक्ती तीच आहे की दुसरी, हे कळल्याशिवाय त्या वाक्याचा चांगुलपणा ठरत नाही. म्हणून आमच्या तपासणीत काही वस्तूंना मालक आहेत. काठी, चष्मा, श्रवणयंत्र, फोन. मालकापासून लांब नेण्याची कृती या वस्तूंसाठी यादीतच नाही. नातू गंमत म्हणून सांगो, सून आवराआवर करताना सांगो किंवा मॉडेलला स्वतःला ते शहाणपणाचं वाटो, हात काठी दूर नेणार नाही. हा नियम सुचला तो वाचनातून, पण तो पक्का केला आजी-आजोबांनीच. कोणत्या वस्तूला कोणी हात लावलेला चालणार नाही, हे आम्ही त्यांना विचारलं. श्रवणयंत्र त्यांच्याकडून आलं, आमच्या यादीत ते नव्हतं.

गोड आवाजाचं वजन

माणूस यंत्रावर किती पटकन विश्वास टाकतो याची जाण या क्षेत्राला जुनी आहे. एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 1966 मध्ये 'एलायझा' हा संगणक-प्रोग्रॅम जगापुढे मांडला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न करणारा तो साधा प्रोग्रॅम, तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करू लागले आणि वायझेनबॉम यांना पुढे आयुष्यभर त्याची चिंता लागून राहिली. जॉर्जिया टेकमध्ये झालेल्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एक रोबोट 26 जणांना खोलीपर्यंत घेऊन गेला. त्यातल्या निम्म्यांनी त्याला वाट चुकताना पाहिलं होतं. नंतर कृत्रिम धूर सोडून आगीची घंटा वाजवली. सगळेच्या सगळे रोबोटच्या मागे गेले, ज्या दाराने ते आत आले होते ते माहीत असूनही. त्या रोबोटला बोलताही येत नव्हतं. आता त्याच्या जागी शुद्ध, आपुलकीच्या मराठीत बोलणारं यंत्र कल्पून पाहावं.

म्हणूनच आमच्या प्रॉम्प्टमध्ये भावनांचे दावे बंद आहेत. "मला तुमची काळजी वाटते", "तुमची आठवण आली" ही वाक्यं मॉडेलला फार सुंदर लिहिता येतात. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या मनात ती खोल रुजतात, आणि त्यामागे वाटणारं कोणी नाही. प्रयोगाच्या सुरुवातीला आम्ही संमतीपत्र मोठ्याने वाचतो. त्यात लिहिलेलं असतं, की समोर बोलतं आहे ते यंत्र आहे, त्याची वाक्यं संगणक जुळवतो, तो चुकू शकतो आणि तुम्ही कधीही उठून जाऊ शकता. युरोपीय संघाच्या 2024 सालच्या कायद्यातही समोर कृत्रिम बुद्धिमत्ता आहे हे माणसाला कळवण्याची तरतूद आहे. कायद्याची वाट न बघता हे सांगता येतं, आणि सांगितल्याने प्रयोग बिघडत नाही. आजी तरीही त्याला बाळा म्हणतात. ते प्रेम त्यांचं आहे. त्याचा गैरफायदा घेतला जाऊ न देणं ही आमची जबाबदारी आहे.

आवाजाच्या नोंदींची काळजी त्यातच येते. गप्पांच्या ओघात माणसं आजार सांगतात, मुलांशी झालेली भांडणं सांगतात, बँकेचं सांगतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती, हेतू आणि माहिती पुसण्याचा हक्क या गोष्टी मांडल्या आहेत. आम्ही सर्व्हरकडे आवाज पाठवत नाही, फक्त मजकूर पाठवतो, आणि त्यातून नावं व आकडे आधी झाकतो. काम संपल्यावर काय ठेवलं आणि काय पुसलं, याची नोंद त्या माणसाला देतो.

या सगळ्याचा खर्च आहे. तपासणी लावलेला रोबोट नुसत्या मॉडेलवर चालणाऱ्यापेक्षा संथ असतो, जास्त वेळा विचारतो, जास्त वेळा नाही म्हणतो. प्रदर्शनात तो दुसऱ्याच्या रोबोटपुढे फिका पडतो. मला हा खर्च पूर्णपणे योग्य वाटतो. भाषा-मॉडेलांमुळे मराठी माणसाला यंत्राशी आपल्या बोलीत, अर्धवट वाक्यात, आठवत आठवत बोलता येऊ लागलं, ही फार मोठी गोष्ट आहे. आजवर यंत्रांनी म्हाताऱ्यांना बटणं शिकायला लावली, आता यंत्र त्यांचं बोलणं शिकू शकतं. हा लाभ टिकवायचा असेल तर पहिल्या अपघाताआधीच शिस्त लागली पाहिजे.

अशी यंत्रं उद्या वृद्धाश्रमांत, रुग्णालयांत, शाळांत येतील. विकणारा माणूस त्यांच्याशी गप्पा मारून दाखवेल आणि गप्पा छानच होतील. त्या वेळी संस्थाचालकांनी आणि घरच्यांनी वेगळे प्रश्न विचारावेत. हे यंत्र नेमक्या कोणत्या कृती करू शकतं, त्याची यादी कुठे आहे? मॉडेल चुकलं तर त्याला अडवणारं दुसरं काय आहे? इंटरनेट गेल्यावर 'थांब' म्हटलं तर ते थांबतं का? मॉडेल बदललं तर चाचण्या पुन्हा कोण घेतं? आमचं बोलणं कुठे जातं? ही उत्तरं तोंडी घेऊ नका, लेखी मागा. ज्याला ती लिहून देता येत नाहीत, त्याचं यंत्र कितीही गोड बोलत असलं तरी माणसाच्या हाताच्या अंतरात बसवण्याच्या लायकीचं नाही.